परतीचं भाडं

पेडणे तालुक्यातल्या वारखंड गावात एक टॅक्सीवाला राहतो. त्याच्या घरची मोपाच्या पठाराच्या उतरणीवर काजूची बाग होती. ती विमानतळात गेली. नुकसानभरपाईचे पैसे भावाभावांत वाटले गेले, आपल्या वाट्यात बँकेचं कर्ज घालून याने गाडी घेतली. 11 डिसेंबर 2022 रोजी विमानतळाचं उद्घाटन झालं, त्याला मनोहर पर्रीकरांचं नाव दिलं गेलं आणि 5 जानेवारी 2023 पासून तिथं विमानं उतरू लागली.

पण विमानतळाच्या दारात उभं राहायची जागा पेडण्याच्या टॅक्सीवाल्यांना कुणी आपण होऊन दिली नाही. ती त्यांना भांडून मिळवावी लागली. जमीन आमची गेली, तर धंद्यात पहिला हक्क आमचा, हे त्यांचं म्हणणं. मला ते आजही न्यायाचं वाटतं. ज्याच्या बागेवरून धावपट्टी जाते, त्याने लांब उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या मोजत बसावं, अशी अपेक्षा कुणी करू नये. त्या आंदोलनात हा टॅक्सीवाला होता, उन्हात बसला होता, घोषणा देऊन त्याचा घसा बसला होता.

हक्क मिळाला, तशी तो राखायची धास्तीही आली. विमानतळापासून पत्रादेवीची हद्द जवळ, हद्दीपलीकडे बांदा, पुढे सावंतवाडी. तिकडच्या एमएच-07 पाटीच्या गाड्या आपलं भाडं पळवतील ही भीती स्टँडवर रोज बोलली जायची. अशाच एका दुपारी सावंतवाडीची एक गाडी आगमनाच्या बाजूला येऊन थांबली. चोरून भाडं उचलायला ती आलेली नव्हती. वाडीच्या, म्हणजे सावंतवाडीच्याच, एका लॉजवाल्याने आपल्या पाहुण्यांना आणायला ती पाठवली होती. पाहुण्यांचं सामान डिकीत चढलं आणि स्टँडवरची सात-आठ माणसं गाडीभोवती जमली. पाहुणे उतरव, भाडं आमचं आहे, असा गलका झाला. पाहुणे बिचारे घाबरले. त्यांनी एक शब्द न बोलता आपल्या पिशव्या उतरवल्या आणि समोरच्या गोव्याच्या गाडीत जाऊन बसले.

त्या सात-आठ जणांत आपला टॅक्सीवाला मागच्या बाजूला उभा होता. तो काही बोलला नाही. गाडीला हात लावला नाही. फक्त उभा राहिला. वाडीच्या ड्रायव्हरने डिकी बंद केली, मान वर केली आणि त्याला पाहिलं. तो ड्रायव्हर त्याचा सख्खा मामेभाऊ होता.

त्या वर्षी चवथीला, गणपतीच्या सणाला, मामेभाऊ वारखंडला आला नाही. पुढच्या वर्षीही नाही. म्हाताऱ्या आईने विचारलं, तर टॅक्सीवाला म्हणाला, सीझन आहे, त्याला सवड नसेल.

डिसेंबर 2024 चा शेवटचा आठवडा. या दिवसांत गोव्यात खोली मिळणं कठीण आणि मिळाली तर तिचा दर ऐकून माणूस गप्प होतो. संध्याकाळच्या विमानाने नागपूरचं एक कुटुंब उतरलं. निवृत्त शिक्षक असलेले आजोबा, आजी, मुलगा, सून आणि नऊ-दहा वर्षांची नात. मुलगा हिशेबाच्या कामात मुरलेला होता. त्याने आधीच सगळं ठरवून ठेवलं होतं. गोव्यात एका रात्रीला जेवढे मोजावे लागतील, तेवढ्यात सावंतवाडीत मोती तलावाजवळ तीन रात्री राहता येत होतं. विमानतळ गोव्यात, समुद्र गोव्यात, झोपायचं तेवढं महाराष्ट्रात.

नंबर आपल्या टॅक्सीवाल्याचा लागला. वाडीचं भाडं ऐकून मुलाने विचारलं, ‘‘अंतर तर तीस किलोमीटरच्याही आत दिसतंय. एवढे कसे?’’

‘‘साहेब, जाताना तुम्ही आहात. येताना कोणी नाही. परतीचे पैसे त्यातच असतात.’’

मुलाने तोंड वाकडं केलं, पण आजी दमली होती आणि अंधार पडत होता. सगळे गाडीत बसले.

वाटेत आजोबांनी बोलणं काढलं. शिक्षकाला गप्प बसवत नाही. या भागाचा इतिहास त्यांनी वाचलेला होता. पेडणे हा एकेकाळी सावंतवाडीकर भोसल्यांचा मुलूख, तो अठराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगिजांकडे गेला, हे ते नातीला सांगत होते. नात ऐकत होती की खिडकीबाहेर पाहत होती, कळत नव्हतं. पत्रादेवी आली तशी आजोबा म्हणाले, ‘‘इथं थोडं थांबवता का? स्मारक आहे ना इथं?’’

टॅक्सीवाल्याने गाडी बाजूला घेतली. दिवसातून कितीदा तरी तो या स्मारकावरून जायचा. थांबायला सांगणारं भाडं क्वचित मिळायचं.

15 ऑगस्ट 1955. त्या दिवशी देशाच्या निरनिराळ्या भागांतून आलेले नि:शस्त्र सत्याग्रही गोव्याच्या हद्दीत अनेक ठिकाणांहून शिरले आणि पोर्तुगीज सैनिकांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. वीसहून अधिक माणसं गेली. इथं पत्रादेवीला पंजाबातल्या इसरू गावचा तरुण करनैलसिंग पडला. मध्य प्रदेशातल्या सागरच्या सहोद्राबाई राय तिरंगा घेऊन पुढे आल्या आणि गोळी लागून जखमी झाल्या. त्याच दिवशी तिकडे तेरेखोलला पनवेलचे हिरवे गुरुजी हुतात्मा झाले. आजोबांना हे सगळं पाठ होतं. हिरवे गुरुजींचं नाव घेताना त्यांचा आवाज किंचित हलला, कारण तेही शिक्षक होते. 19 डिसेंबर 1961 रोजी गोवा मुक्त झाला आणि इथला पहारा उठला.

नातीने विचारलं, ‘‘आजोबा, मग आपल्याला आत्ता कोणी अडवणार नाही?’’

‘‘कोणीच नाही,’’ आजोबा म्हणाले.

टॅक्सीवाल्याने गाडी सुरू केली आणि तेवढ्यात कामाचं विचारून घेतलं, ‘‘बॅगेत दारूची बाटली वगैरे असेल तर आत्ताच सांगा. पुढे इन्सुलीला महाराष्ट्राचा उत्पादन शुल्काचा नाका आहे. परवाना नसेल तर त्रास होईल.’’

बाटली नव्हती. पण मुलाला या हिशेबात रस वाटला. दारू कुठे स्वस्त, पेट्रोल कुठे स्वस्त, असं तो विचारू लागला. पेट्रोल गोव्यात स्वस्त म्हणून बांद्याचे लोक हद्द ओलांडून टाकी भरायला येतात. खोली आणि जमीन तिकडे स्वस्त म्हणून गोव्यात नोकरी करणारे कित्येक जण बांद्याला, सातार्ड्याला, दोडामार्गला राहतात आणि रोज ये-जा करतात. अवघड आजाराचा रुग्ण सिंधुदुर्गात असला की त्याला बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात आणतात. टॅक्सीवाला सांगत होता आणि सांगता सांगता त्याच्याही लक्षात येत होतं, की या रस्त्याने रिकाम्या हाताने असं कोणी जातच नाही. ज्याच्याकडे जे नाही ते आणायला माणसं पलीकडे जातात. रिकामी परतते ती फक्त टॅक्सी.

वाडीला पोचल्यावर मुलाने सामान उतरवलं आणि टॅक्सीवाल्याला बाजूला घेतलं. ‘‘पुढचे तीन दिवस तुम्हीच या. सकाळी इथून हरमलच्या किंवा मोरजीच्या किनाऱ्यावर न्यायचं, संध्याकाळी परत आणून सोडायचं. एकदम ठरवून टाकू. सीझनचा दर द्यायला मी तयार आहे.’’

तीन दिवसांचं पक्कं भाडं, तेही वर्षअखेरीस! गाडीचा हप्ता त्यात निघत होता. कोणीही लगेच हो म्हटलं असतं. टॅक्सीवाला म्हणाला, ‘‘घरी विचारून रात्री फोन करतो.’’ असं का म्हणालो ते त्याला इन्सुलीचा नाका ओलांडेपर्यंत नीट कळलं नव्हतं.

घरी जेवताना त्याने बायकोला सांगितलं. बायको डिचोली तालुक्यातल्या साळची. साळ म्हणजे गड्यांच्या जत्रेचं गाव, हद्दीला अगदी खेटून. पलीकडे दोडामार्ग. तिला हद्दीचं कौतुक कधी नव्हतंच. शिमग्यातल्या त्या जत्रेला दोन्हीकडची माणसं येतात, कोण कुठला हे कोणी विचारत नाही. आणि साळच्या शेतांना, डिचोलीला, पेडण्याला पाणी येतं ते तिळारीचं. धरण महाराष्ट्रात, दोडामार्ग तालुक्यात. त्यासाठी पाट्ये, सरगवे, शिरंगे अशी तिकडची गावं बुडाली. कालवा फुटला की इकडे ओरड सुरू होते, एरवी ते पाणी कुठून येतं याची आठवण कुणाला नसते.

बायको म्हणाली, ‘‘वाडीचं भाडं तुम्ही घेणार? वाडीत तुमच्या मामेभावाची गाडी आहे ना?’’

खाटेवर बसलेल्या आईने मान वर केली. तिचं माहेर सातार्ड्याचं. तेरेखोलच्या नदीवर पूल आहे, अलीकडे न्हयबाग, पलीकडे सातार्डा. ती लग्न होऊन इकडे आली तेव्हा गोवा मुक्त होऊन काही वर्षं झाली होती आणि माहेर-सासर यांच्यामध्ये एक नदी तेवढी होती. आता तिला अंधुक दिसतं, पण कान शाबूत आहेत.

‘‘ताच विचारूचा होता,’’ ती म्हणाली. ‘‘दोन चवथी झाल्यो. माझो भाचो येणा नाय. तू सांगतस सवड नाय. सवड नाय की वाट नाय?’’

टॅक्सीवाल्याने आधी टाळाटाळ केली. मग विमानतळावरची ती दुपार त्याने सांगून टाकली. मी काही बोललो नव्हतो, मी फक्त उभा होतो, असंही म्हणाला.

आई बराच वेळ काही बोलली नाही. तिच्या मनात काय चाललं होतं, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. मार्च 2020 च्या अखेरीस टाळेबंदी लागली आणि गोव्याची हद्द बंद झाली. पत्रादेवी बंद, दोडामार्ग बंद, न्हयबागचा पूल बंद. गोव्यात कामाला येणारी सिंधुदुर्गातली पोरं तिकडे अडकली, काहींच्या नोकऱ्या गेल्या. त्याच उन्हाळ्यात सातार्ड्याला मामा वारला. आईचा पाठचा भाऊ. टॅक्सीवाला तिला घेऊन पुलापर्यंत गेला. पुलाच्या या टोकाला पोलीस, त्या टोकाला पोलीस. पास नव्हता. त्याने हात जोडले, आईने हात जोडले, पोलिसाचेही डोळे भरले, पण त्याला वरून हुकूम होता. पलीकडच्या टोकाला मामेभाऊ येऊन उभा राहिला. दोघं भाऊ एकमेकांना दिसत होते आणि फोनवर बोलत होते. मामेभाऊ म्हणाला, ‘‘आत्येक सांग, बाबांक त्रास नाय झालो.’’ आई रस्त्याच्या कडेला बसली, भावाच्या नावाने रडली आणि तिथूनच घरी परतली. त्या दिवशी टॅक्सीवाल्याने सरकारला, हद्दीला, पोलिसांना, सगळ्यांना शिव्या घातल्या होत्या. माणसाच्या मध्ये बांबू आडवा घालतात ही कसली माणसं, असं तो महिनाभर म्हणत होता.

हे सगळं आठवून झाल्यावर आईने एवढंच विचारलं, ‘‘तेवा पुलार पोलिस होतो. थंय विमानतळार कोण होतो?’’

टॅक्सीवाल्याच्या घशाखाली घास उतरेना. पोलिसाला वरून हुकूम होता. आपल्याला कोणाचा हुकूम होता? स्टँडवरच्या माणसांचा? त्यांनी त्याला ओढून नेलं नव्हतं. तो आपल्या पायांनी चालत जाऊन त्या घोळक्यात उभा राहिला होता. हक्क मागताना तो उन्हात बसला, तेव्हा त्याच्या मनात आपली बाग होती. त्या दुपारी गाडीभोवती उभा राहिला, तेव्हा त्याला बागेचं काहीच वाटत नव्हतं. समोरच्याच्या हातातलं भाडं तेवढं दिसत होतं. हक्क आणि हाव बाहेरून सारख्याच दिसतात, घोषणाही सारख्याच असतात. फरक ज्याचा त्यालाच कळतो, आणि तो कळायला कधी कधी घरातल्या म्हातारीचा एक प्रश्न लागतो.

रात्री त्याने आधी मामेभावाला फोन लावला. तीन वेळा घंटा वाजून बंद झाली. चौथ्यांदा फोन उचलला गेला, पण पलीकडून आवाज आला नाही.

‘‘मी बोलतंय,’’ टॅक्सीवाला म्हणाला. ‘‘त्या दिवशी मी तिथं होतो. असायला नको होतो.’’

पलीकडे शांतता.

‘‘वाडीत नागपूरचं एक कुटुंब उतरलंय. तीन दिवस गाडी हवीय त्यांना. तुझ्या गाडीने नेलंस तर त्यांचे पैसे वाचतील. मी नंबर देऊ?’’

मामेभाऊ जरा वेळाने म्हणाला, ‘‘आत्ये कशी आसा?’’

‘‘तिनेच विचारलं.’’

‘‘दी नंबर.’’

यापलीकडे त्या रात्री दोघांत बोलणं झालं नाही. झालं असतं तर मला खोटं वाटलं असतं. दोन वर्षं तुटलेला माणूस एका फोनवर सांधत नाही.

मग त्याने नागपूरच्या मुलाला फोन केला आणि मी येत नाही म्हणून सांगितलं. मुलाला वाटलं, हा दर वाढवायला बघतोय. तो म्हणाला, ‘‘किती हवेत ते सरळ बोला ना.’’

‘‘जास्त नकोत साहेब. तुम्ही हिशेबातले आहात, तर हिशेब करा. मी वारखंडहून सकाळी रिकामा वाडीला येणार. तिथून तुम्हाला हरमलला नेणार. संध्याकाळी तुम्हाला वाडीला सोडणार आणि रिकामा घरी परतणार. दिवसाच्या चार फेऱ्या, त्यातल्या दोन रिकाम्या, आणि चारही फेऱ्यांचं पेट्रोल तुमच्या खिशातून. वाडीची गाडी केलीत तर दोनच फेऱ्या. तुमच्याबरोबर जाईल, तुमच्याबरोबर परत येईल. खोलीत तुमचे जे वाचले, ते माझ्या रिकाम्या गाडीत कशाला घालता? मी एक नंबर देतो. माणूस चांगला आहे.’’

मुलगा गप्प झाला. हा हिशेब त्याने केलेला नव्हता. खोलीचे दर त्याने महिनाभर तपासले होते, गाडी परतताना रिकामी असते ही गोष्ट त्याच्या वहीत कुठेच नव्हती. आजोबा शेजारी बसून ऐकत होते. त्यांनी फोन हातात घेतला आणि विचारलं, ‘‘पण यात तुमचं नुकसान नाही का?’’

‘‘आहे ना गुरुजी,’’ टॅक्सीवाला म्हणाला. ‘‘पण ते भाडं माझं नव्हतंच.’’

दुसऱ्या दिवशी मामेभावाची गाडी लॉजच्या दारात उभी राहिली. त्याने पहिल्याच सकाळी विचारलं, ‘‘रोज समुद्र गोव्याचाच कशाला? आमच्याकडे पण आसा.’’ आणि तीन दिवसांत त्याने त्या कुटुंबाला जे दाखवलं, ते मुलाच्या यादीत नव्हतं. एक दिवस हरमलला गेले, नातीने हट्टच धरला होता. दुसऱ्या दिवशी शिरोड्याला. तिथली मिठागरं, जिथं 1930 साली मिठाचा सत्याग्रह झाला, आणि ती शाळा, जिथं वि. स. खांडेकर शिकवत होते. आजोबा त्या शाळेसमोर बराच वेळ उभे राहिले. आयुष्यभर खांडेकर शिकवले, ती शाळा पाहायची राहिली होती. पुढे आरवलीच्या वेतोबाचं दर्शन झालं, रेडीचा गणपती झाला. तिसऱ्या दिवशी वाडीतच राहिले. राजवाड्यात गंजिफा पाहिल्या, चितारआळीत नातीने लाकडी फळांची टोपली घेतली, आजीने तलावाच्या काठावर बसून सूर्यास्त पाहिला आणि ती म्हणाली की मला याहून जास्त काही नको होतं.

हे कुटुंब वाडीला आलं होतं ते फक्त रात्रीच्या झोपेपुरतं. एखादं गाव स्वस्त आहे म्हणून आपण तिथं उतरतो आणि सकाळ होताच त्याच्याकडे पाठ फिरवून महागड्या गावाला पळतो, यात त्या गावाचा थोडा अपमान असतो असं मला वाटतं. चिपीचा सिंधुदुर्ग विमानतळ 9 ऑक्टोबर 2021 रोजी सुरू झाला, पण तिथं विमानं मोजकीच येतात. त्यामुळे वाडीला, वेंगुर्ल्याला येणारा पाहुणा बहुधा मोपालाच उतरतो. उतरल्यावर त्याच्याशी पेडण्याची माणसं कशी वागतात, यावर शेजारच्या जिल्ह्याच्या कितीतरी घरांची चूल अवलंबून आहे. पेडण्याने हे ओळखायला हवं. ज्यांनी बाग देऊन विमानतळ दिला, त्यांच्याकडून ही अपेक्षा करणं म्हणजे आणखी एकदा त्यांच्याकडेच मागणं आहे, हे मला समजतं. तरी मागितलं पाहिजे.

परतीच्या दिवशी मामेभाऊ त्यांना सोडायला मोपाला आला. निर्गमनाच्या दारात सामान उतरवून झालं. त्याच वेळी वाडीच्या लॉजवाल्याचा फोन आला, दुपारच्या विमानाने आणखी पाहुणे उतरताहेत, त्यांना घेऊन ये. म्हणजे पुन्हा तीच जागा, तीच पाटी. मामेभाऊ गाडी घेऊन आगमनाच्या बाजूला आला आणि आत बसून राहिला. खाली उतरायचं त्याचं मन होईना.

पाहुणे आले. सामान चढलं. स्टँडवरून चार-पाच जण चालत येऊ लागले.

आपला टॅक्सीवाला नंबरात तिसरा होता. तो गाडीतून उतरला आणि त्यांच्या आधी मामेभावाच्या गाडीपाशी जाऊन उभा राहिला. या वेळी मागे नाही, पुढे, दाराला पाठ लावून.

‘‘हे पाहुणे बुकिंगचे आहेत. लॉजने गाडी पाठवलीय. ही गाडी जाईल,’’ तो म्हणाला.

‘‘तुझो कोण लागता तो?’’ एकाने विचारलं.

‘‘मामेभाऊ. पण नसता तरी गेली असती.’’

वाद झाला. आपण उपोषणाला बसलो ते कशासाठी, असं एक जण म्हणाला. टॅक्सीवाला म्हणाला, इथं उभं राहणाऱ्या प्रवाशावर आपला हक्क मागायला आपण बसलो होतो. तो हक्क मी सोडत नाही. कोणी चोरून इथलं भाडं उचललं तर तुमच्याआधी मी अडवीन. पण दुसऱ्याच्या घरी निघालेला पाहुणा आपला कसा होईल? उद्या तुझी गाडी बांबोळीहून पेशंट घेऊन सातार्ड्याला गेली आणि तिथं पुलावर तुला कोणी उतरवलं, तर चालेल तुला?

सगळ्यांना ते पटलं नाही. एक वयस्कर ड्रायव्हर मात्र पुढे आला. त्याची मुलगी दोडामार्गला दिली होती. तो मामेभावाला म्हणाला, ‘‘जा रे पुता, उशीर करू नको.’’ गाडी गेली. पुढचे काही दिवस स्टँडवर दोन-चार जण आपल्या टॅक्सीवाल्याशी बोलले नाहीत, चहाला त्याला हाक मारली नाही. ते त्याने सोसलं. नंतर काही जण बोलू लागले, काही अजूनही बोलत नाहीत.

पुढच्या चवथीला मामेभाऊ वारखंडला आला. गणपतीवरच्या माटोळीला बांधायला त्याने सातार्ड्याच्या परसातली तोरिंगाची फळं आणली होती. आत्येने हाताने चाचपून ती ओळखली.

वाचकहो, गोव्याला येणार असाल आणि मुक्काम बांद्याला, सावंतवाडीला किंवा दोडामार्गला करणार असाल, तर खोली ठरवताना गाडीही तिथलीच ठरवा आणि दोन दिवस त्या गावासाठी ठेवा. गोव्यात राहणार असाल तर गोव्याची गाडी करा आणि त्या ड्रायव्हरची जमीन कुठे होती ते विचारा. आणि तुम्ही बोलावलेल्या गाडीची पाटी दुसऱ्या राज्याची आहे म्हणून कोणी तिच्याभोवती जमलं, तर मुकाट्याने सामान उतरवू नका. ही गाडी आम्ही बोलावली आहे आणि आम्ही याच गाडीने जाणार आहोत, एवढं शांतपणे सांगा.